गवत पचवते कोण?

‘गाय गवत पचवते’ हे वाक्य आपण वर्गात सहज बोलून जातो. रॉबर्ट हंगेट यांचा ‘द रूमेन अँड इट्स मायक्रोब्ज’ (१९६६) हा ग्रंथ वाचल्यावर ते तसे बोलवत नाही. सेल्युलोज तोडणारी विकरे गाईची स्वतःची नव्हेत, ती तिच्या कोटीपोटातील सूक्ष्मजीवांची. सेल्युलोज आंबवून ते जी ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक आम्ले बाहेर टाकतात त्यांवर गाय जगते. पुढे खुद्द सूक्ष्मजीवांनाही पचवते.

ग्रंथ रुक्ष आहे, तक्त्यांनी भरलेला. आम्हांला त्याचे मोल वाटते ते त्यामागील प्रयोगपद्धतीमुळे. हे जीवाणू ऑक्सिजनमध्ये तगत नाहीत. म्हणून हंगेट यांनी नळीत ऑक्सिजनविरहित कार्बन डायऑक्साइड भरला, सेल्युलोजची बारीक पूड मिसळलेले पातळ अगार ओतले आणि ते थिजेपर्यंत नळी आडवी फिरवत ठेवली. काचेवर आतून दुधट थर बसला. सेल्युलोज खाणाऱ्या जीवाणूंची वसाहत वाढली की तिच्याभोवती पारदर्शक कडे उमटे. पुरावा नुसत्या डोळ्यांना दिसणारा! शालेय पुस्तकांत निष्कर्ष येतो, ही नळी क्वचितच. हे आम्हांला खटकते.

ग्रंथाची मोठी उणीव त्याच्या काळाची आहे. बुरशीला ऑक्सिजन हवाच, असे तेव्हा मानत. कोटीपोटातील बुरशीचे पोहणारे बीजाणू त्यामुळे आदिजीवांत गणले जात. १९७५ मध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी त्यांची खरी ओळख पटवली. चाऱ्याचे ताठ देठ आतून फोडण्यात या बुरशीचा वाटा मोठा आहे. आदिजीवांचे प्रकरण वाचताना शिक्षकांनी ही दुरुस्ती समासात लिहून ठेवावी.