पेंग्विन आहेत, बर्फ नाही

मुंबईच्या राणीच्या बागेतील पेंग्विन-दालन आम्ही पाहिले. हे हम्बोल्ट पेंग्विन २०१६ साली सोलहून आणले गेले. काचेमागे ते पंखांची वल्ही मारीत पोहतात, तेव्हा अनुकूलनाचा सुंदर पाठच मिळतो. पण प्रेक्षक बाहेर पडतात ते ‘ध्रुवावरचे पक्षी पाहिले’ असे म्हणत! वास्तविक दालनाचे तापमान असते १६ ते १८ अंश सेल्सियस. आमच्या हुडकेश्वरची जानेवारीतील पहाट याहून गार असते. या पक्ष्यांचे घर म्हणजे पेरू-चिलीचा वाळवंटी किनारा. थंड हम्बोल्ट सागरप्रवाहामुळे तेथे मासे विपुल. एल निनोच्या वर्षी पाणी तापते, मासे घटतात आणि पेंग्विन उपासमारीने मरतात. काचेमागे हा प्रवाह दिसत नाही. म्हणून शिक्षकांनी सहलीपूर्वी वर्गात जगाचा नकाशा उघडावा.