टाकाऊ, टिकाऊ आणि बडग्या

शाळेच्या प्रदर्शनात 'टाकाऊपासून टिकाऊ' हा विभाग नाही, असे वर्ष आम्हाला आठवत नाही. मागे एका शाळेने परीक्षक म्हणून बोलावले होते. आइस्क्रीमच्या काड्यांचा एक सुबक दिवा सगळ्यांच्याच डोळ्यांत भरला होता. एवढे आइस्क्रीम कुणी खाल्ले, असे आम्ही सहज विचारले. "नाही सर, काड्यांचं पाकीट मिळतं ना दुकानात!" मुलीने सरळ सांगून टाकले. तिचे काही चुकले नव्हते. काड्या नव्या, डिंक नवा, चमकी नवी, आणि प्रदर्शन संपल्यावर दिव्याची रवानगी बहुधा कचऱ्यातच. जे टाकाऊ नव्हते ते आपण सर्वांनी मिळून टाकाऊ केले, आणि त्याला बक्षीसही दिले.

या विभागाची पारख करायची तर त्याच्या शेजारी ठेवायला दुसरे काही हवे. नागपूरकरांना त्यासाठी लांब जायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीच्या रस्त्यावर उभे राहावे. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते, असे सांगतात. त्या थोरल्या मूर्ती बांधणारे हात पिढ्यान्‌पिढ्यांचे, सरावलेले. त्यांच्याविषयी पुन्हा केव्हातरी. आम्हाला आज बोलायचे आहे ते मारबतींच्या आगेमागे चालणाऱ्या बडग्यांविषयी.

बडग्या हा मूळचा पोरांचा कारभार. गल्लीत जे पडलेले असेल ते गोळा करायचे: झाडाच्या फांद्या, रद्दी, फाटका सदरा, बूड गेलेली टोपली, झिजलेला खराटा. त्याचा पुतळा बांधायचा आणि त्या वर्षी लोकांना जे छळत असेल, महागाई म्हणा, भ्रष्टाचार म्हणा, त्याचे नाव लिहून पाटी गळ्यात अडकवायची. मिरवून झाले की गावची इडापिडा त्याच्यासोबत जाळून टाकायची. टिकाऊपणाचा इथे प्रश्नच नाही. दोन दिवस उभा राहिला तरी पुरे.

तरीही कलाकृती म्हणून आम्हाला बरा बडग्या त्या दिव्याहून उजवा वाटतो. टोपलीचे पोट झाले तरी ती टोपलीच राहते. खराट्याच्या मिशा झाल्या तरी खराटा ओळखू येतो. दोन्ही गोष्टी एकदम दिसतात आणि हसू येते ते त्यामुळेच. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचे डोके केले, त्यातली करामत हीच आहे. पोळा साजरा करणाऱ्या गावाला ती समजावून सांगायला नको! शाळेतल्या वस्तूंचे नेमके उलटे असते. बाटलीला इतका रंग फासतात की ती बाटली होती याचीच जणू लाज वाटावी.

दुसरी गोष्ट सांगाड्याची. पोरे प्रथम चार काठ्यांचा चौकोन बांधतात आणि तो कलतो. मग कुणीतरी कोनाकोनात एक तिरपी काठी बांधतो आणि बडग्या ताठ उभा राहतो. चौकोनाच्या बाजू न बदलता त्याचे कोन बदलू शकतात. त्रिकोणाचे तसे होत नाही. अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर हाच धडा वर्गात आणला. काडी ही तिथे सजावट नसते, तिच्यावाचून धडाच होत नाही. आमच्या मते या विभागाची खरी कसोटी हीच: त्या वस्तूच्या अंगच्या कोणत्या गुणाचा उपयोग केला?

सगळेच बडग्ये या कसोटीला उतरत नाहीत. पुष्कळदा पाटीच बोलते, तिच्या मागे पुतळा असून नसल्यासारखा. शिवाय पाटीवरची भाषा कधीकधी वर्गात वाचून दाखवण्याजोगी नसते, हेही खरे.

पण खरी अडचण आगीची आहे. गल्लीतला कचराच बदलला. फांद्या, कागद, सुती कापड जळते तेव्हा धूर होतो, पण मागे उरते ती मुख्यतः राख. आजच्या ढिगात थर्मोकोलचे तुकडे आणि फ्लेक्सचे जुने फलक सापडतात. थर्मोकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. त्याचा बहुतेक भाग नुसती हवा. म्हणून पोरांना ते हलके आणि सोयीचे. त्याच्या रेणूत हायड्रोजनच्या मानाने कार्बन फार, म्हणून उघड्यावर ते अर्धवट जळते आणि काळीकुट्ट काजळी उडते. फ्लेक्सच्या कापडावर पीव्हीसीचा थर असतो. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असते. ते जळाले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, आणि ओल्या डोळ्यांशी, घशाशी गाठ पडताच त्याचे आम्ल होते. (हे वर्गात जाळून दाखवू नये.) खोकला गावाबाहेर घालवण्यासाठी केलेला पुतळा जाळताना भोवतीची पोरे खोकत असतील तर काय म्हणावे?

महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये सजावटीसाठी थर्मोकोल वापरण्यावर बंदी घातली. पण आधीच पडलेला तुकडा बंदीने नाहीसा होत नाही, आणि जे पडलेले असेल तेच घेणे हा तर बडग्याचा प्राण आहे. बाजारातून कोरा कागद नि नव्या कामट्या आणून 'पर्यावरणपूरक' बडग्या करायचा, तर तो आइस्क्रीमच्या काड्यांचा भाऊच झाला.

आम्हाला उपाय सुचतो तो गाठीचा. डिंकाने चिकटवलेले सुटत नाही. सुतळीने बांधलेले सुटते. बडग्या बांधून काढला तर आगीपूर्वी थर्मोकोल, फ्लेक्स, तार सोडवून बाजूला ठेवता येईल. यावर एका शिक्षकमित्राने आम्हाला अडवले: इडापिडा घेऊन निघालेल्या बडग्याचे काही परत आणायला घरची आजी मुळीच तयार होणार नाही! हा आक्षेप रास्त आहे. तेव्हा ती सोडवलेली वस्तू घरी आणू नये, थेट भंगारवाल्याच्या गाडीवर द्यावी. फ्लेक्स त्याने नाकारला तर पुढच्या पावसाळ्यात शाळेच्या सायकलींवर टाकायला तो चालेल.