फंक्शनने आधी शेत विचारावे

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात भाताच्या प्रयोगांवर प्रबंध लिहिणाऱ्याला तक्त्याखाली ‘एसई’ (प्रमाण त्रुटी) आणि ‘सीडी’ (क्रांतिक फरक) या दोन ओळी द्याव्याच लागतात. त्या काढायच्या कशा, हे कृषी पदवीधरांच्या कितीतरी पिढ्या पानसे आणि सुखात्मे यांच्या १९५४ सालच्या पुस्तकातून शिकल्या. तेव्हा गणित हाताने होई, त्यामुळे कोणत्या वाफ्यात काय लावले होते ते डोळ्यांसमोर राही. आता आकडेमोड ‘आर’ ही संगणकभाषा करते आणि शेताची मांडणी तिला समजावून सांगावी लागते. फंक्शनने काय विचारावे, कोणत्या नावाने आणि कोणत्या क्रमाने, ही स्वतंत्र कला आहे. शेतीच्या संख्याशास्त्रात ती अजून कच्ची आहे, असे माझे मत आहे.

या कलेतली सर्वांत मोठी कमाई म्हणजे विल्किन्सन आणि रॉजर्स यांनी १९७३ साली मांडलेली सूत्रलेखनाची रीत. पुढे ‘एस’ आणि ‘आर’ या भाषांनी ती उचलली आणि तिला असे रूप दिले: डावीकडे उत्पादन, मध्ये नागमोडी चिन्ह, उजवीकडे ट्रीटमेंट अधिक रेप्लिकेशन. एका ओळीत अख्खा प्रयोग वाचता येतो.

पण या रीतीतच एक खड्डा आहे. समजा शिरगावच्या भात संशोधन केंद्रावर खतांच्या पाच ट्रीटमेंट चार रेप्लिकेशनमध्ये घेतल्या आणि फाइलमध्ये त्या १ ते ५ आणि रेप्लिकेशन १ ते ४ अशा आकड्यांनी लिहिल्या. ‘आर’चे ‘एओव्ही’ फंक्शन या आकड्यांना मोजमाप समजते. ट्रीटमेंटला ४ डिग्री ऑफ फ्रीडम हव्यात, मिळते १. रेप्लिकेशनला ३ ऐवजी १. एररला १२ ऐवजी १७. इशारा येत नाही, उत्तर मात्र नीटनेटके छापून येते. अशा जागी अंदाज बांधण्यापेक्षा फंक्शनने थांबून विचारलेले बरे.

स्प्लिट प्लॉटमध्ये हाच धोका वाढतो. लावणीच्या तारखा मुख्य वाफ्यात आणि वाण उपवाफ्यात असले, की मुख्य वाफ्याची एरर वेगळी सांगावी लागते. ती राहिली तर तारखांचा फरक खोट्या आत्मविश्वासाने ‘सिग्निफिकंट’ ठरू शकतो.

‘आर’मधल्या, शेतीसाठीच बनवलेल्या ‘अ‍ॅग्रिकोले’ पॅकेजची उपयुक्तता वादातीत आहे, पण त्याची शिस्त ढिली आहे. ‘एलएसडी टेस्ट’मध्ये उत्पादन पहिले, ‘एसपी प्लॉट’मध्ये शेवटचे. ब्लॉकचे नाव एका फंक्शनमध्ये लहान लिपीत, तर ‘स्ट्रिप प्लॉट’मध्ये मोठ्या लिपीत. विद्यार्थ्याचा अर्धा दिवस यात जातो. याउलट हिसारचे ‘ऑपस्टॅट’ किंवा शेजारच्या गोव्याचे ‘वास्प’ ही वेबवरची साधने त्याच्याच शब्दांत बोलतात: डिझाइन कोणते, ट्रीटमेंट किती, रेप्लिकेशन किती. ही मोठी जमेची बाजू. मात्र चौकटीत आकडे चिकटवून काढलेल्या उत्तरामागे पुन्हा तपासता येईल असा कोड उरत नाही.

हापूसच्या प्रयोगांत तर कसोटीच लागते. एका वर्षी भरपूर धरणारे कलम पुढच्या वर्षी रुसते, म्हणून त्याच झाडांचे उत्पादन वर्षानुवर्षे नोंदवतात. चार वर्षांच्या चार ओळी ही चार झाडे नव्हेत. ‘आर’च्या ‘एलएमई४’ पॅकेजमध्ये हे नाते सूत्रात लिहिता येते, पण ते लिहिण्याची सक्ती नाही. कोकणासाठी कोणी फंक्शन लिहायला घेतलेच, तर झाडाचा क्रमांक कोणत्या रकान्यात आहे हे त्याने सक्तीने विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत ‘सीडी’ देऊ नये.