दोन रेषांच्या आकृतीबाहेरची माणसे

लोकसंख्येचा धडा आला की फळ्यावर हमखास एक आकृती निघते. मृत्युदराची रेषा आधी उतरते, जननदराची मागाहून. मधल्या काळात लोकसंख्या फुगते. वॉरेन थॉम्प्सन यांनी 1929 मध्ये मांडलेली ही कल्पना उपयुक्त आहे, याबद्दल वाद नाही. परंतु या आकृतीत कोणी गाव सोडत नाही आणि कोणी गावात येतही नाही. ज्या युरोपच्या अनुभवावर ती बेतली, तेथून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून 1930 च्या सुमारापर्यंत पाच कोटींच्या आसपास माणसे समुद्रापार गेली. आकृतीत त्यांचा मागमूस नाही.

रोहे तालुक्यातील खांबसारख्या गावच्या शाळेत तर ही उणीव लगेच जाणवावी. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16,96,777 होती; 2011 मध्ये ती 16,15,069 भरली. तेथे जन्मांपेक्षा मृत्यू जास्त झाले होते असे नाही. माणसे बाहेर गेली. त्याच दहा वर्षांत रायगडची लोकसंख्या सुमारे 19 टक्क्यांनी वाढली, पण त्या वाढीचा मोठा वाटा एकट्या पनवेल तालुक्याचा होता. जननदराच्या रेषेवरून यातले काहीच उलगडत नाही.

पुढे स्थलांतराचा तक्ता येतो. 'ढकलणारी' कारणे डावीकडे, 'ओढणारी' उजवीकडे. आमचा खरा आक्षेप या तक्त्याला आहे. बेकारी, दुष्काळ आणि युद्ध ही तो एकाच रकान्यात, एकाच मापाने मांडतो. खांबहून मुंबईला नोकरीसाठी गेलेला मुलगा गणपतीला घरी येतो. 1947 नंतर सिंध सोडून कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत उतरलेल्या कुटुंबांना तशी परतीची वाट नव्हती. त्या छावण्यांच्या वसाहतीला 1949 मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. 1951 च्या जनगणनेत पाकिस्तानातून आलेल्यांची संख्या सुमारे 73 लाख नोंदली गेली. परत जाता येते की नाही, हा प्रश्न तक्त्यात कोठेच नाही.

शब्दांचाही घोळ होतो. 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार (भारताने त्यावर सही केलेली नाही) वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची सार्थ भीती असलेला आणि म्हणून स्वदेशाबाहेर असलेला माणूस तो निर्वासित. जुलै 2023 मध्ये दरड कोसळून खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी उद्ध्वस्त झाली. तेथील वाचलेली माणसे या व्याख्येत बसत नाहीत, ती विस्थापित. कोयना धरणामुळे उठलेली गावेही विस्थापितच. हा भेद केवळ शब्दच्छल नव्हे, कारण कोणाची जबाबदारी कोणावर, हे त्यावरून ठरते. 2024 च्या अखेरीस जगात सक्तीने घर सोडावे लागलेल्यांची संख्या 12 कोटी 32 लाख होती. त्यांपैकी 7 कोटी 35 लाख आपापल्या देशांतच होते. वर्गात मात्र सर्रास 'निर्वासितांचे लोंढे' म्हटले जाते. पाण्यासाठीचा हा शब्द माणसांना लावला की मोजणी संपते आणि भीती सुरू होते.

आता जवळचे उदाहरण. पेण-रोहे भागातील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले बरोबर असतात, आणि हजेरीपटावर त्याची नोंद 'गळती' अशी होते. 2011 ची शिरगणती 9 ते 28 फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन भट्टीच्या हंगामात. पुढील जनगणनेचा संदर्भदिनांकही 1 मार्च 2027 ठरला आहे. तेव्हा विद्यार्थ्यांकडून एखाद्या वाडीची मोजणी दोनदा करून घ्यावी: एकदा गणपतीच्या सुमारास, एकदा फेब्रुवारीत. दोन आकडे वेगळे आले की त्यांतला वाडीची लोकसंख्या म्हणून कोणता लिहायचा, हे त्यांनाच विचारावे.