पाहिलेले आणि कल्पिलेले : चार पुस्तकांचे वाचन

वाङ्मयप्रकारानुसार अध्यापन करणाऱ्याचे वाचनही हळूहळू प्रकारनिष्ठ होत जाते. प्रवासवर्णनात स्थळे शोधावयाची, आत्मचरित्रात 'मी'ची जडणघडण, कादंबरीत पात्रे व कथानक, असे कप्पे ठरून जातात. गेल्या उन्हाळी सुटीत अभ्यासक्रमाचे ओझे न बाळगता चार पुस्तके लागोपाठ वाचली : विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास', लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', इरावती कर्वे यांचे 'युगान्त' आणि व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. पुस्तके नवी नव्हती. त्यांचा परस्परांशी घडलेला शेजार नवा होता. त्या शेजारातून उमटलेले ठसे येथे नोंदवितो. ठसे व्यक्तिगत आहेत. त्यांतून निघणारा प्रश्न मात्र तसा नाही.

वरसईचे गोडसेभटजी दक्षिणेच्या आशेने चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. १८५८मध्ये झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. इतिहासाचे साक्षी होण्याची हौस त्यांना नव्हती. त्यांना चार पैसे मिळवावयाचे होते आणि आईवडिलांसाठी गंगोदक घरी न्यावयाचे होते. भिक्षुकाची ही व्यवहारी नजरच त्यांच्या साक्षीला वजन देते. वीररसाची अपेक्षा धरून आलेल्या वाचकाला ते भीती, भूक आणि लूट दाखवितात.

'स्मृतिचित्रे'कडे वळताच तेच वर्ष पुन्हा भेटले, पण घराच्या आत. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना त्या बंडाच्या प्रकरणात फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. इतिहासग्रंथांत सहसा न येणारा हा परिणाम एका मुलीचे सारे बालपण व्यापतो. लक्ष्मीबाई त्याचे भाष्य करीत बसत नाहीत. धुण्यापुसण्याचे प्रसंग सांगतात आणि हसतात. प्रवासवर्णन व आत्मचरित्र असे दोन कप्पे केल्यामुळे ही दोन पुस्तके एकाच घटनेच्या दोन कडा आहेत, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

'युगान्त' (१९६७) हे महाभारतातील व्यक्तींवरील लेखांचे पुस्तक. त्यातील द्रौपदीवरचा लेख एका जागी थांबतो. येथवरची कथा संशोधित आवृत्तीला धरून आहे, पुढची आपली 'नरोटी' आहे, असे लेखिका स्वतःच सांगतात आणि मगच पर्वतावर कोसळलेल्या द्रौपदीचे अखेरचे क्षण कल्पितात. पुराव्याची शिस्त आणि कल्पनेची ओढ ही दोन्ही येथे आहेत, पण त्यांच्यामधील सीमारेषा वाचकापासून लपविलेली नाही. ही रेषा दाखविल्याने त्या प्रसंगाची उत्कटता कमी झाली, असे मला एकदाही जाणवले नाही.

'बनगरवाडी' (१९५५) कादंबरी असल्याने तिला सर्वच कल्पिण्याची मुभा आहे. तरीही तिचा तरुण मास्तर निवेदक या मुभेचा वापर फारसा करीत नाही. मेंढपाळांची वाडी तो बाहेरून येऊन पाहतो, हळूहळू तिच्यात गुंततो; परंतु जे दिसले-ऐकले त्यापलीकडे जाऊन त्यांच्या अंतरंगाचा ताबा घेत नाही. दुष्काळाने वाडी ओस पडते तेव्हाचा शोक म्हणूनच आवाज चढविल्याशिवाय पोहोचतो.

चारही पुस्तकांत खरा प्रश्न असा दिसतो : सांगणारा आपल्या अधिकाराची मर्यादा कोठे आखतो? तो समीक्षकालाही लागू आहे, याची जाणीव मला काहीशी लाजिरवाणी रीतीने झाली. गोडसेभटजींनी १८८३मध्ये लिहिलेली हकीकत चिंतामणराव वैद्यांनी १९०७मध्ये संपादून, काही भाग वगळून व भाषेत फेरफार करून प्रसिद्ध केली. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६मध्ये प्रकाशात आणली. हा इतिहास मला ठाऊक होता. तरी कित्येक वर्षे मी वर्गात हाताशी असलेल्या वैद्यांच्या प्रतीवरूनच भटजींच्या शैलीची वाखाणणी करीत आलो. मी भटजींच्या पदरात घातलेल्या गुणांपैकी काही वैद्यांचे होते. माझ्या आस्वादात कल्पित किती, हे मी विद्यार्थ्यांना सांगितले नव्हते. मलाही ते तपासावेसे वाटले नव्हते.

आस्वादक समीक्षेवर आत्मनिष्ठतेचा आरोप होतो आणि सिद्धान्तप्रधान समीक्षा वस्तुनिष्ठतेचा दावा करते. मला दोष आत्मनिष्ठेत दिसत नाही. संहितेत काय आढळले आणि आपण काय घातले, यांतील रेषा पुसली जाते तेव्हा दोन्ही समीक्षा सारख्याच अविश्वसनीय ठरतात. सिद्धान्ताची परिभाषा ही रेषा अधिक सफाईने पुसू शकते, एवढाच फरक. इरावतीबाईंनी जे ललित लेखनात पाळले, ते समीक्षेने न पाळावे हे विपरीत आहे. निदान माझ्यापुरते, पुढील सत्रात वैद्यांची व पोतदारांची अशा दोन्ही प्रती वर्गात शेजारी ठेवून आरंभ करावयाचा आणि शैलीविषयी बोलायचे ते त्यानंतरच, असे ठरविले आहे.