कूस बदलणाऱ्या हातांची गोष्ट

आमच्या शाहूवाडीकडनं पेशंटला सीपीआरला न्यायचं म्हटलं, की एसटीत दवाखान्याच्याच गोष्टी निघतात. कुठला डॉक्टर देवमाणूस, कुठली सिस्टर खडूस. पुस्तक वाचताना तरी आपण याच्या पुढं जातो का?

अरुणा शानबाग यांचंच बघा. मुंबईच्या केईएममधल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ ला हॉस्पिटलातच हल्ला झाला. मेंदूला इजा झाली आणि १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत त्या तिथंच होत्या. पिंकी विराणींनी १९९८ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. ते लिहायलाच हवं होतं. पण आपण वाचकांनी या सगळ्यातून दोनच गोष्टी उचलल्या, हल्ला आणि दयामरण. मधली एक्केचाळीस वर्षं तशीच राहिली.

दयामरणाच्या याचिकेवर ७ मार्च २०११ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. अरुणांच्या वतीनं निर्णय सांगण्याचा हक्क कोर्टानं विराणींना नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. इतक्या वर्षांत त्यांना बेडसोअर झाला नाही, हेही तेव्हा चर्चेत आलं.

हे वाक्य आपण पटकन वाचून पुढं जातो. बेडसोअर म्हणजे काय? एकाच कुशीवर पडून राहिलं की हाडावरची कातडी दाबली जाते, रक्त पोचत नाही, जखम होते. म्हणून पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलतात. ढोबळ हिशोब करा. दिवसाला १२ वेळा, वर्षाला ४,३८०, निकालापर्यंतच्या ३७ वर्षांत दीड लाखाच्या वर. शिवाय भरवणं, पुसणं, चादर बदलणं. खरी कादंबरी इथं आहे, आणि ती सांगणारा आवाज नर्सचा हवा.

डॉ. रवी बापटांचं ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ मराठी वाचकांनी आवडीनं वाचलं. म्हणजे हॉस्पिटलची आतली गोष्ट आपल्याला हवी आहे. पण सर्जनला दिसणारा वॉर्ड आणि रात्रपाळीच्या सिस्टरला दिसणारा वॉर्ड एक नसतो.

हा नुसता भावनेचा मामला नाही. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातली १६८ हॉस्पिटलं तपासली. एका नर्समागं एक पेशंट वाढला, की ऑपरेशन झालेल्यांचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त दिसली. शंभरात सात जण जास्त दगावले, असा याचा अर्थ नाही. आधी जेवढी शक्यता होती, तिच्यात ७ टक्के भर. शिवाय हा आढळलेला संबंध आहे, एकट्या त्याच कारणाचा पुरावा नव्हे. तरी दुर्लक्ष करावं असा आकडा नाही.

त्यामुळं ‘त्या रात्री चाळीस पेशंट आणि मी एकटी’ असं एखाद्या सिस्टरनं लिहिलं, तर ती रडगाणं गात नाही, मोजमाप देते आहे. ‘सेवेची मूर्ती’ म्हणून हार घातला की हे मोजमाप झाकलं जातं. हॉस्पिटलवरचं पुढचं पुस्तक हातात घ्याल तेव्हा एवढंच बघा, नर्सला त्यात नाव आहे का, आणि तिच्यामागं किती पेशंट होते?