साताऱ्याच्या १८१९ च्या तहाची भाषा

इ. स. १८१९ च्या सप्टेंबरच्या २५ तारखेस कंपनी सरकार व छत्रपति प्रतापसिंह यांच्यामध्यें जो तह झाला, त्याच्या परिणामांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. त्याच्या शब्दांचें परीक्षण मात्र आमच्या वाचनांत फारसें आलेलें नाहीं. छत्रपतींचे पक्षपाती पहिलें कलम तेवढें उद्धृत करतात. कंपनीचे समर्थक पांचव्यापाशीं थांबतात. तहनामा हाहि एक ग्रंथच आहे, आणि ग्रंथाचा अर्थ लावण्याचे नियम आपल्याकडे मीमांसकांनीं कधींच घालून दिले आहेत.

पहिल्या कलमानें नेमून दिलेला मुलूख छत्रपतींस, त्यांच्या वारसांस व उत्तराधिकाऱ्यांस कायमच्या स्वामित्वानें मिळाला. दक्षिणेस वारणा व कृष्णा, उत्तरेस नीरा व भीमा, पश्चिमेस सह्याद्रि, पूर्वेस पंढरपूर व विजापूरचे प्रांत, ही त्याची स्थूल मर्यादा. लगेच दुसऱ्या कलमांत, हा मुलूख कंपनीच्या अंकित राहून सहकार्यानें भोगावा व सर्व बाबतींत दरबारांतील एजंटाच्या सल्ल्यानें चालावें, असें छत्रपति कबूल करतात. स्वामित्व प्रधान कीं सल्ला प्रधान? उपक्रम बलवान् असतो, असा आमचा नियम आहे. अप्पय्य दीक्षितांनीं तर त्या एका नियमासाठीं 'उपक्रमपराक्रम' नांवाचा स्वतंत्र ग्रंथ रचला. शिवाय सल्ला हा शब्दच निर्णय करणारा दुसरा कोणी आहे असें गृहीत धरतो. (हा पहिला सल्लागार कॅप्टन जेम्स ग्रँट, म्हणजे पुढें मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ होय. १८२२ च्या एप्रिलपर्यंत कारभार त्याच्याच हातीं होता. त्याचा ग्रंथ वाचतांना ही गोष्ट विसरूं नये.)

पांचव्या कलमापाशीं मात्र आमच्या बाजूच्या लेखकांनीं प्रामाणिकपणा सोडतां कामा नये. परराज्यें, सरदार, जहागीरदार, किंबहुना तहान्वयें छत्रपतींच्या हुकमतीखालीं न आलेला कोणीहि मनुष्य, यांच्याशीं व्यवहार करूं नये. सोयरिकीच्या निमित्तानें पत्र लिहिणें भाग पडलें तरी तें एजंटामार्फत जावें. हें कलम तहाचा मूलाधार समजावा व तें मोडल्यास तहाचे सर्व लाभ जावेत. इतकें स्पष्ट लिहिलें असतां केवळ उपक्रमाचा आश्रय करून भागत नाहीं. पण याच कलमांतून दुसराहि अर्थ निघतो. सर्वस्व जाण्याची शिक्षा पांचव्यास जोडली आहे, दुसऱ्यास नाहीं. परिसंख्येच्या न्यायानें, अंतर्गत कारभारांत एजंटाचा सल्ला न मानणें हा राज्य जाण्यासारखा अपराध ठरत नाहीं.

खरी गांठ सातव्यांत आहे. जहागीरदारांच्या जहागिरींची हमी कंपनीनें घेतली, आणि त्यांनीं छत्रपतींची रूढ चाकरी करावी हें पाहण्याची जबाबदारीहि तिनेंच पत्करली. मग औंधचे प्रतिनिधि, भोरचे सचिव, फलटण, जत व अक्कलकोट येथील जहागीरदार हे चाकर कोणाचे? चाकरी छत्रपतींची व हमी कंपनीची, अशा दुहेरी रचनेंतून तंटा उपजणें अटळच होतें. तो उपजला, संचालक मंडळाचा कल छत्रपतींकडे झाला असतांहि तो त्यांस कळविला गेला नाहीं.

१८३९ त गोव्याच्या पोर्तुगीजांशीं, नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांशीं व पलटणींतील देशी अंमलदारांशीं संधान बांधल्याचा आरोप ठेवून छत्रपतींस पदच्युत करून काशीस धाडण्यांत आलें. आरोप खरा कीं खोटा, हा या टिपणाचा विषय नव्हे. तह मोडला कीं नाहीं हें कोणीं ठरवावें, याविषयीं तहांत एक अक्षरहि नाहीं, हें आमच्या मतें त्यांतील सर्वांत मोठें न्यून होय. वादी तोच न्यायाधीश झाला.

१८४८ त शहाजीराजे निवर्तल्यावर प्रश्न पहिल्या कलमावर परत आला. 'वारस' या शब्दांत दत्तक येतो कीं नाहीं? मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनीं येतो असें मत दिलें; डलहौसीनें तें मानलें नाहीं व राज्य खालसा झालें. धर्मशास्त्रांत दत्तक हा पुत्रच असल्यामुळें येथें शंकेस जागा नव्हती. तरीहि मूळ शब्द पाहणें इष्ट. एचिसनच्या संग्रहांत तहाचा इंग्रजी पाठ आहे. ज्यांच्या संग्रहीं त्याची मराठी प्रत किंवा खर्डा असेल, त्यांनीं पहिल्या कलमांत 'वारस' आहे, 'पुत्रपौत्रादि' आहे, कीं 'वंशपरंपरा' आहे, तें ओळीच्या ओळीसह, मूळ शुद्धलेखन न बदलतां, उतरून पाठवावें.